परसातल्या बटाट्याला बेणे हवे

महोदय,

कोकणात बटाटा होत नाही, असे आमच्याकडे इतक्या ठामपणे सांगितले जाते की, तो लावून पाहण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. गुहागर तालुक्यातील आमच्या आगरात मी गेली चार वर्षे बटाटा लावतो आहे आणि खरी अडचण वेळेची व बेण्याची आहे, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या वर्षी इतर भाज्यांबरोबर मृगातच लागवड केली. जुलैत वाफा उकरला तेव्हा हाताला नुसता आंबूस वासाचा लगदा लागला. बटाट्याला ओल हवी, पण साचलेले पाणी सोसत नाही आणि कंद पोसायला रात्रीचा गारवा लागतो. तो आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतच काय तो मिळतो, म्हणून तुळशीच्या लग्नाच्या सुमारास बेणे मातीत पडलेच पाहिजे. जांभ्याची आम्लधर्मी माती या पिकाला मानवते. तिच्यात कुजलेले शेणखत आणि पातेरा मात्र सढळ हाताने घालावा लागतो.

रोपे वीतभर झाली की बुंध्याला मातीची भर द्यावी. दुसऱ्या वर्षी मी यात कुचराई केली आणि उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे झाले. अशा बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते व ते शिजवूनही जात नाही, त्यामुळे टोपलीभर बटाटे टाकून द्यावे लागले, याची हळहळ आजही वाटते. पाने पिवळी पडू लागल्यावर आठवडाभर पाणी तोडावे, एखादे रोप उकरून बटाट्यावर अंगठा घासून पाहावा आणि साल सुटत असेल तर आणखी काही दिवस थांबावे. गेल्या फेब्रुवारीत दोन किलो बेण्याचे साडेनऊ किलो बटाटे निघाले.

बेण्यासाठी मात्र दरवर्षी वणवण होते. खाण्यासाठी आणलेले बटाटे लावले तर कधी डोळे फुटत नाहीत, कधी त्यांच्याबरोबर रोगही येतो. घाटावर मंचरच्या बाजारात बेणे गोणीने मिळते, पण तीन वाफ्यांसाठी गोणी कोण आणणार? सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचा ‘कुफरी सूर्या’ हा वाण उष्णता सोसणारा आहे. कृषी खात्याने आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तो परसबागेत लावून पाहणाऱ्यांसाठी दिवाळीच्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणी एक-दोन किलोच्या पिशव्यांतून उपलब्ध करून द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी