गळती

चिनू,

काल रात्री तू फोनवर रडलीस आणि मी नुसतं हं हं करत राहिले, बाबा बाजूला मॅच बघत होते आणि खरं सांगायचं तर मला पटकन काही सुचलंही नाही. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय म्हणून आता टाइप करतेय, लांबणार आहे, चेंबरमधली हवा काढायला पंप लावलास की वाच.

कुठेतरी गळती आहे आणि तीन आठवडे व्हॅक्यूम जागचा हलत नाही, वैताग येणारच. पण त्यावरून तू पुढे बोललीस ना, की हे सोडून स्पेसच्या संशोधनात जाते, आई तुझी अख्खी नोकरी फ्यूजनमध्ये, सूर्यासारखी अणू जोडून ऊर्जा काढण्यात गेली, एक बल्ब तरी लागला का, ते जरा लागलं मला. खोटं नाहीये म्हणूनच लागलं. होमी भाभा १९५५ ला जिनिव्हात म्हणाले होते की वीस वर्षांत जमेल, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. इंग्लंडचं जेट नावाचं फ्यूजनचं यंत्र २०२३ मध्ये बंद होता होता ६९ मेगाजूल देऊन गेलं, जगाचा रेकॉर्ड, आणि युनिटमध्ये मोजलं तर जेमतेम १९! तेवढ्यात आपला एसी दोन दिवस चालेल. (इंधन मात्र फक्त ०.२ मिलिग्रॅम लागलं, हेही बघ.)

पण मी बल्बसाठी गेलेच नव्हते गं. १९९० ला गांधीनगरला रुजू झाले तेव्हा आदित्य टोकामॅक (प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकांनी कोंडायचं यंत्र) सुरू होऊन वर्षच झालं होतं. मेदूवड्यासारखं चेंबर आणि माझ्याकडे काम काय, तर लँगम्युअर प्रोब, म्हणजे सिरॅमिकच्या नळीतून जरासं डोकं बाहेर काढलेली टंगस्टनची तार. ती प्लाझ्माच्या कडेला सरकवायची, तिथेही लाखभर अंश तापमान, मग सायरन, शॉट, आणि सेकंदाचा दहावा भाग झाला की खेळ खल्लास. बाकी दिवस त्या रेघोट्या बघायच्या. मला वाटायचं प्लाझ्मा चुंबकी क्षेत्रातून ओल्या मडक्यासारखा पाझरत असणार, सावकाश, सगळीकडून. आणि सिग्नल बघितला तर शांत, शांत, आणि एकदम उसळी, परत शांत, मग दोन लागोपाठ. पाझर कसला, पावसाच्या सरी! १९९२ ला आदित्यच्या टीमचा यावरचा पेपर फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला. त्यात माझा वाटा खारीएवढाही नाही, पण त्या रेघोट्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या.

नंतर मी सोलर विंडकडे, म्हणजे सूर्यातून वाहत येणाऱ्या प्लाझ्माकडे वळले तेव्हा लोक म्हणाले लाइन बदलली. कसली बदलली? पृथ्वीजवळ एका घन सेंटीमीटरमध्ये पाच-दहा कण, आमच्या टोकामॅकच्या कडेला तेवढ्याच जागेत लाखो कोटी, आणि तरी डेटा उघडला की तशाच अचानक उसळ्या. सूर्य बघणारं आदित्य एल-१ यान २ सप्टेंबर २०२३ ला उडालं तेव्हा मी रडले ते बाबांना वाटलं देशप्रेम. ते होतंच, पण १८५९ च्या २ सप्टेंबरलाच कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकी क्षेत्र १६०० नॅनोटेस्लानं पडलं होतं, ते सूर्याचं वादळ होतं. त्याच वेधशाळेचं काम पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून अलिबागच्या वेधशाळेत हलवलं, जिच्या कुंपणापलीकडून मी शाळेत जायचे आणि आत काय चालतं हे कधी विचारलं नाही.

तर तुला स्पेसच्या संशोधनात जायचं असेल तर खुशाल जा, पण व्हॅक्यूमवर चिडून जाऊ नकोस. तिकडे सिग्नल खराब आला तर १५ लाख किलोमीटर जाऊन तार सरळ करता येत नाही.

आता एक सांगते जे बाबांनाही माहीत नाही. १९९३ मध्ये आमच्याकडे चार दिवस मशीन बंद होतं, लीक सापडेना. मी हीलियमची नळी घेऊन दुसऱ्यांच्या फ्लँजवर, म्हणजे जोडांवर फुसफुस करत फिरले, लीक डिटेक्टरचा काटा (आत हीलियम शिरला की उडतो तो) ढिम्म, कारण माझं फ्लँज नीट आहे ही मला शंभर टक्के खात्री, त्यामुळे तिकडे कोणी नळी नेलीच नाही. चौथ्या दिवशी टेक्निशियनने नेली आणि काटा उडाला. प्रोब परत बसवताना मी जुनंच कॉपर गॅस्केट (जोडात दाबून बसवायची तांब्याची रिंग) घातलं होतं, चांगलं दिसतंय की, कशाला नवीन वाया घालवा. उघडलं तेव्हा केसाएवढा ओरखडा होता. सगळ्यांसमोर मान खाली घालून सांगितलं, माझंच आहे.

म्हणून विचारते, तुझ्या हातचे जोड कुठले? आधी ते बघ. हीलियम वर चढतो, तेव्हा वरून सुरुवात करून खाली ये, खालून गेलीस तर वरचं लीक खालच्या जोडाच्या नावावर जाईल. दर वेळी थोडाच मार आणि काटा खाली येईपर्यंत थांब. आणि गॅस्केट नवीन टाक, माझ्यासारखी काटकसर करू नकोस.

आई