आधी चित्र पाहूया

महोदय,

चित्रकला शिकणाऱ्या मुलांच्या घरी ‘छान काढलंस’ या दोन शब्दांपलीकडे बोलणे सहसा जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. गेल्या वर्षीचे आणि या महिन्यातले रेखाचित्र शेजारी ठेवून बोटांचे प्रमाण आता कसे जुळू लागले आहे किंवा सावलीच्या कडा कशा मऊ झाल्या आहेत, हे घरातल्या कुणी दाखवून दिले, तर विद्यार्थ्याला स्वतःची प्रगती प्रत्यक्ष दिसते. त्यासाठी प्रत्येक कागदावर तारीख घालण्याची सवय मात्र हवी. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८० मध्ये चित्रकार होण्याचे ठरवल्यानंतर त्यांचे धाकटे बंधू थिओ यांनी त्यांना पैसे आणि रंग तर पुरवलेच, पण पत्रांतून त्यांच्या कामाविषयी चर्चाही केली. मला ही चर्चा पैशांइतकीच मोलाची वाटते. गुणांची आणि बक्षिसांची चौकशी आपण पालकांनी थोडी लांबणीवर टाकावी. ज्यांना चित्रातले काही कळत नाही असे वाटते, त्यांनाही व्यक्तिचित्राच्या सरावासाठी वीस मिनिटे न हलता मुलासमोर बसता येईल.

– एक पालक