म्हशीचा पान्हा आणि आपलं गप्प बसणं

रामबाग, इंदूर

प्रिय सुनंदा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आपण गुरांचे डॉक्टर. दुखणं बघायचं, औषध द्यायचं, निघायचं. प्राण्यांसाठी चळवळी करणारे वेगळे." मी नुसतं "हं" म्हटलं, पण तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या पावसाळ्यात शहराबाहेरच्या एका तबेल्यात म्हैस बघायला गेले होते. व्यायल्याला तीन आठवडे झालेले, गर्भाशयात पू, पारडू आठव्या दिवशीच गेलेलं. मी हातमोजे चढवत होते, तेवढ्यात धारेची वेळ झाली. मालकाच्या मुलाने कोनाड्यातून लेबल नसलेली बाटली काढली आणि सिरिंज भरली. सिरिंज दिसताच म्हशीने पाठ कमानीसारखी वाकवली, अंगावरची कातडी थरथरली. सुई मानेत गेली. मिनिटभरात चारही सडांतून दूध ठिबकू लागलं. नंतर मी तिच्या मानेवरून हात फिरवला, तर कातडीखाली सुपारीएवढ्या गाठी. एक, दोन, चार, मग मी मोजणं सोडलं.

आणि मी काय केलं? पुवावरचं औषध लिहून दिलं, फी घेतली आणि निघाले. वीस वर्षांची ओळख, दुखावला तर दुसऱ्याला बोलावेल, हे मनात होतं. त्या गाठींबद्दल मी एक शब्द काढला नाही, सुनंदा. याची मला अजून लाज वाटते.

कारण त्या तबेल्यात नेमकं काय चाललंय हे कळणारी मी एकटीच होते. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या वर्गात आपण दोघींनी हेच पाठ केलं होतं ना? पारडू लुचायला लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि पान्हा फुटतो. मार, भीती, अनोळखी हात असला की अ‍ॅड्रेनालिन तो अडवतं. त्या बाटलीत हेच ऑक्सिटोसिन असतं. ते रोज टोचत राहिलं की म्हशीला सुईची सवय लागते, मग सुईशिवाय ती पान्हाच सोडत नाही. त्या मुलाला हे कुणी सांगितलं होतं? त्याला वाटतं, सुईने दूध वाढतं. दूध कासेत होतंच, ते फक्त खाली उतरायचं होतं. धार काढणारा हात रोज तोच, वेळ तीच, कोमट पाण्याने कास धुऊन नीट चोळणं, पुढ्यात आंबोण. एवढ्यावर बऱ्याच म्हशी वळतात. पहिले काही दिवस दूध कमी येतं. तेही मालकाला आधीच सांगायला हवं, नाहीतर तो चौथ्या दिवशी पुन्हा बाटली काढतो.

कायदा आहेच. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला घातक असं काही टोचणं हा गुन्हा आहे. पण ते घातक कसं, हे आपल्याशिवाय कोण समजावणार? 2018 मध्ये केंद्र सरकारने ऑक्सिटोसिन बनवायला खासगी कंपन्यांना बंदी केली. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं, त्यामुळे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात बंदी रद्द झाली. बंदी आली, गेली, आणि तबेल्यातली बाटली कोनाड्यात तशीच राहिली.

गिधाडांचं तर तुला सांगायला नको. जनावरांच्या तापावर, सुजेवर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आपणच टोचत होतो, चांगल्या मनाने. मेलेली जनावरं गिधाडांनी खाल्ली, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादं उरली. 2004 मध्ये कारण सापडलं, 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, आणि त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना चालतं हे तपासण्यात इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेतले आपलेच लोक होते. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात राहिल्या. 2015 मध्ये बाटली 3 मिलीवर आणावी लागली. चूक आपल्या सुईतून झाली आणि इलाजही आपल्या माणसांनी शोधला. मग "चळवळी करणारे वेगळे" असं कसं म्हणायचं गं?

तुझी भीती मला पटते. तुझं पोट गोठेवाल्यांवर आहे, माझंही. पण तबेलेवाला काही राक्षस नाही. रेडा विकत कुणी घेत नाही, पारडू दूध पितं, चारा महाग झालाय. हा हिशोब आपल्याला माहीत आहे, म्हणून तो आपलं ऐकेल. बाहेरून येऊन ओरडणाऱ्यांचं तो ऐकत नाही, आणि ओरडणाऱ्यांना तरी खरं काय ते कोण सांगतंय?

पुढच्या रविवारी आमच्या भागातले तबेलेवाले आणि दूध घेणारी माणसं एकत्र बसणार आहेत. मी बोलणार आहे, आणि त्याआधी त्या तबेल्यात जाऊन त्या मुलाला भेटणार आहे. तू खंडव्याला सुई सोडवलेल्या म्हशींची वही ठेवतेस ना, कितव्या दिवशी पान्हा सुटला, दूध किती घटलं, पुन्हा किती वाढलं? त्या पानांचे फोटो शनिवारपर्यंत पाठव. तुझं नाव घेऊ की नको, तेही कळव.

तुझी,
वैशाली