चिमे, एक्सेलमधले तास जरा वाढव

सोलापूर
गड्ड्याची जत्रा आवरून आठवडा झाला

चिमे,

तुमच्या तिघींच्या हंपीच्या ट्रिपची तुझी ती शीट बघितली. मोबाईलवर नीट दिसेना म्हणून शेजारच्या पोराकडून प्रिंट काढून आणली आणि काल दुपारी चष्मा लावून पेन्सिल घेऊन बसले, म्हणून हे एवढं लांबलचक टाइप करूलाले, घाईत वाचू नको. रंग छान भरलेस, हिरवा म्हणजे देऊळ, पिवळा म्हणजे जेवण. पण तास चुकलेत गं. पहिल्या दिवशी सकाळी घरून निघून गोलघुमट, बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि रात्री हंपी, असं तू एका उभ्या रकान्यात बसवलंस आणि ते बसलं पण, कारण कागदावर सगळंच बसतं. माझ्या वहीत पण बसलं होतं.

1998 ची ती वही अजून कपाटात आहे, निळ्या पुठ्ठ्याची. तू चार वर्षांची, पप्पांनी सेकंडहॅंड मारुती 800 नवीनच घेतलेली, ते चालवणार आणि मी शेजारी बसून किलोमीटर लिहिणार. त्यात ऐहोळ्याच्या पुढं माझ्या अक्षरात लिहिलंय, "होस्पेट साडेतीन तास, रात्री नऊला लॉज." होस्पेट म्हणजे हंपीच्या जवळचं गाव. त्याच्या खाली नुसती रेघ आहे. हंपी आम्ही बघितलीच नाही, हे तुला माहितीय, पण का नाही बघितली ते पप्पा आपल्या पद्धतीनं सांगायचे, गाडी बिघडली म्हणून. गाडी नंतर बिघडली. आधी आम्ही चुकलो.

ऐहोळ्यातून निघायलाच सूर्य कलला होता. पप्पा म्हणाले रेटू की, मोठा रस्ता लागेलच. अमीनगडात करदंट घ्यायला थांबलो त्यात अर्धा तास गेला (ते मात्र घेच तू, डिंक आणि सुक्या मेव्याचं असतं, घट्ट, दात सांभाळून). हुनगुंदच्या अलीकडं पूर्ण अंधार. आणि समोर एकदम काळी भिंतच आली. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, एक लाईट नाही, एक रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला दोन्ही बाजूनं. पप्पांनी गाडी डावीकडं घातली म्हणून वाचलो, पण डावीकडं काळं रान, कुणीतरी नुकतंच पाणी सोडलेलं, चाकं अर्धी आत. तू झोपेतून उठून विचारलंस, हंपी आली का.

गावातल्या चार जणांनी दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून काढलं. रात्री एका म्हातारीच्या घरी झोपलो. ती सारखी एवढंच म्हणायची, "ऊट माड्री, ऊट माड्री", म्हणजे जेवा जेवा, आणि ताटात ज्वारीची रोट्टी वाढत राहायची. अंगावर इरकल, लाल पदर, अगदी आपल्या अक्कलकोटच्या आजीसारखी दिसायची, तू तर तिच्या मांडीवरच जाऊन बसलीस. सकाळी कळलं पुढच्या चाकाचं काहीतरी वाकलंय, दोन दिवस त्यात गेले, रजा संपली, परत.

तुम्ही पण आता ऐन उसाच्या सीझनमध्ये चाललाय. आपल्याकडं कारखाने चालू तसे बागलकोटकडं पण चालू. दिवे लागायच्या आत मुक्कामी पोचायचं हे एवढं एक माझं ऐक, बाकी शीट तुझी. दिवसा अजून एक गोष्ट, तुरीचा हंगाम आहे, लोक काढलेली तूर रस्त्यावरच पसरून ठेवतात, गाड्या त्याच्यावरून गेल्या की आपोआप मळणी होते. बघायला मजा वाटते पण त्या वाळक्या काड्या गाडीखाली गुंडाळून बसतात आणि गरम सायलेन्सरला लागून पेट घेतात. बाजूनं जागा असेल तर बाजूनं घे, नसेल तर हळू जा आणि पुढं थांबून एकदा वाकून बघ. खाली बघताना तिघींपैकी एकीनं मागच्या गाड्यांकडं लक्ष ठेवायचं.

आता तुझे रकाने. विजापूर शंभर किलोमीटर, रस्ता चांगला, भीमेचा पूल ओलांडला की पाट्या कानडी सुरू. त्याचं नाव 2014 पासून विजयपुरा झालंय, बोर्डावर तेच असणार, गडबडू नको. गोलघुमटात उघडल्या उघडल्या पोचायचं, म्हणजे घरून साडेपाचला निघायचं, चहा मी देते. उशिरा गेलं की शाळेच्या सहली येतात आणि वरच्या सज्जात नुसता कोकाट, कुजबूज ऐकायची जागा ती, 1656 पासून उभी आहे आणि पोरं तिथं शिट्ट्या मारतात. जिना अरुंद आहे, सात मजले, उतरताना गुडघे बोलतात. तोफ बघायची असेल तर मुलूखमैदान बघ, नगरात ओतलेली, 1549 ची, पंचावन्न टन म्हणतात. तेवढी इथवर ओढून कशी आणली असेल, आमची मारुती चिखलातून निघेना.

तिथून कोल्हारला कृष्णेवरचा लांब पूल लागतो. मडक्यातलं दही घ्या तिथं आणि माझी कडक भाकरी शेंगा चटणी काढा, हॉटेल शोधू नका. दुपारपर्यंत बदामी. त्या दिवशी तिथंच थांबायचं, बास. गुहा चार आहेत, तिसऱ्या गुहेत 578 सालचा शिलालेख आहे, तळ्यावर ऊन उतरताना दगड लाल होतो तेव्हा बघायच्या. माकडं पर्स ओढतात, हातात प्लास्टिकची पिशवी नको. लॉज मात्र आजच फोन करून बघ, कारण बनशंकरीची जत्रा पौष पौर्णिमेला असते आणि पुढं बरेच दिवस चालते, गर्दी असणार. बनशंकरीला जाच, आपलं कुलदैवत नसलं तरी देवळाबाहेर बायका बुट्टीत रोट्टी, भाजी, दही घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्यासमोर खाली बसून जेवायचं.

दुसऱ्या दिवशी पट्टदकल, ऐहोळे सकाळीच उरकतात, जवळजवळ आहेत. मग इलकल. इरकल साडी तिथलीच, नावच त्यावरून पडलंय, आपण इरकल म्हणतो इतकंच. मला नको, कपाट भरलंय. घेणारच असशील तर पदर जोडलेला कसा असतो ते दुकानदाराला दाखवायला सांग, अंगाचे धागे आणि पदराचे धागे एकमेकांत अडकवून जोडतात, शिवलेलं नसतं. वाटेतच कूडलसंगम पण आहे, कृष्णा आणि मलप्रभा मिळतात तिथं, बसवेश्वरांचं ऐक्यस्थान, म्हणजे समाधीची जागा. धरणाचं पाणी चढलं तेव्हा भोवतीनं भिंत बांधली, त्यामुळं विहिरीत उतरल्यासारखं खाली जावं लागतं. आपले सोलापूरचे सिद्धरामेश्वर त्यांच्याच काळातले, बसवकल्याणला जाऊन भेटले होते असं सांगतात. सोलापूरच्या माणसानं तिथं न थांबता जाणं मला बरं वाटत नाही, पण वेळ होत असेल तर सोड, अंधाराचं लक्षात ठेव.

रस्ता विचारायची पण एक पद्धत असते. "हंपीला हाच रस्ता का" असं कधीच विचारायचं नाही, समोरचा भिडेनं हो म्हणतो. "हंपिगे याव दारी री?" असं विचारायचं, मग त्याला हात दाखवावाच लागतो. एडक्क म्हणजे डावीकडं, बलक्क म्हणजे उजवीकडं. री लावायला विसरू नको, आपलं जी तसं त्यांचं री. विजापुरात मराठी चालून जातं, बागलकोटच्या पुढं नाही चालत, आणि चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याला विचार, मोबाईलवाल्या पोराला नको, तो पण मॅपच बघणार.

बायकांनी पाणी कमी प्यायचं आणि मग डोकं धरून बसायचं हा उद्योग करू नका. मोठ्या पंपावर संडास असतोच, कुलूप असतं, किल्ली पंपावरच्या पोराकडं असते, मागायला लाजायचं नाही. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं, त्याच निमित्तानं किल्ली. स्टेपनीत हवा आहे का ते पुण्यातच बघ आणि जॅक गाडीत आहे का ते पण, मागच्या वेळी तो तुझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत होता.

आणि तिसऱ्या दिवशी हंपी बघून त्याच रात्री पुणे? साडेपाचशे किलोमीटर? हा रकाना मी पेन्सिलीनं खोडला. एक दिवस रजा वाढव नाहीतर ऐहोळे सोड. साहेब ओरडेल म्हणतेस तर ओरडू दे, पप्पा पण साहेबाच्याच भीतीनं रेटत होते.

हंपीबद्दल मी काय सांगणार. एवढंच, तिथल्या विठ्ठल मंदिरात दगडी रथ आहे, पन्नासच्या नव्या नोटेवर छापलाय तोच, सगळे त्याच्यासमोर फोटो काढतात. गाडी लांब लावावी लागते. आपल्या पंढरपूरचा विठोबा कृष्णदेवरायानं तिकडं नेला होता आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी परत आणला अशी गोष्ट आहे, आजी सांगायची. देवळात आता मूर्ती नाही. सगळे रथाचा फोटो पाठवतात, तू मला आतल्या रिकाम्या गाभाऱ्याचा पाठव.

गुरुवारी किती वाजता पोचतेस ते कळव, इंदापूरच्या पुढं आलीस की फोन कर, म्हणजे भाकऱ्या थापायला घेते.

आई