केंद्रीय विधी मंत्र्यांना खुले पत्र: इंटर्नशिप सक्तीची, पण इंटर्न घेण्याची सक्ती कोणावर?

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

यंदाही विधी महाविद्यालयांच्या फलकांवर ती सूचना लागली आहे: इंटर्नशिपचे प्रमाणपत्र आणि डायरी जमा केल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसता येणार नाही. सूचनेत शेवटची तारीख आहे, विलंब झाल्यास काय होईल ते आहे. इंटर्नशिप मिळवायची कुठून, एवढेच काय ते लिहायचे राहिले आहे.

आपण विधी मंत्री आहात, नियम आपल्याला ठाऊक असणारच. तरी आठवण करून देतो. वकिली आणि विधी शिक्षणावर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. चार त्रिक बारा, चार पंचे वीस. म्हणजे एक वर्ष आजारपणात गेले किंवा सगळीकडून नकार आले, तर पुढच्या वर्षी दोन वेगवेगळ्या तुकड्यांत भरपाई करायची. विद्यापीठाचे वेळापत्रक त्यासाठी दुसरी सुट्टी देणार आहे का, हे कोणी विचारले नाही.

याच नियमांत पुढे आहे की विद्यार्थ्याने एकदा तरी खटला चालवणाऱ्या आणि अपील लढवणाऱ्या वकिलांकडे बसले पाहिजे, आणि एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद ठेवली पाहिजे. छान. आम्हाला मोठी सुट्टी मिळते मे महिन्यात. मे महिन्यात उच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते, जिल्हा न्यायालयांनाही असते, चालू असते ते तातडीचे तेवढे काम. दिवाळीत पुन्हा तेच. साक्षीपुरावे नाहीत, उलटतपासणी नाही, युक्तिवाद नाहीत. विद्यार्थी मोकळा तेव्हा कोर्ट बंद, कोर्ट चालू तेव्हा किमान हजेरीचा बडगा डोक्यावर. मग खटल्याची डायरी कशी भरते? मागच्या वर्षीच्या मुलाच्या डायरीवरून भरते, महोदय. खटल्यातली नावे तेवढी बदलतात. तपासणाऱ्यांनाही हे माहीत आहे.

राज्य बार कौन्सिलने किमान दहा वर्षे अनुभवाच्या, इंटर्न घ्यायला तयार असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी करायची आणि ती प्रसिद्ध व्हायची, हेही त्याच नियमांत आहे. ही यादी कोणत्या जिल्ह्याच्या महाविद्यालयात फलकावर लागते ते दाखवा. काका वकील असेल तर यादी लागत नाही, आणि काका वकील नसेल तर यादी मिळत नाही.

आता लॉ फर्मकडे येऊ. नामांकित महाविद्यालयांची मुले प्लेसमेंट समितीमार्फत कित्येक महिने आधी जागा अडवून बसतात. बाकीच्यांनी एक पानाचा सीव्ही आणि चार ओळींचे पत्र एचआरच्या सार्वजनिक ईमेलवर टाकायचे आणि वाट पाहायची. मिळालीच जागा, तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही, मग ‘लॅपटॉप स्वतःचा आणा’. चार आठवड्यांसाठी कोणी खोली देत नाही. पेइंग गेस्टवाला अनामत मागतो आणि महिना पुरा धरतो. ट्रेनचा पास, बाहेरचे जेवण आणि काळा कोट वेगळा. आपल्या नियमांत इंटर्नचा टाय काळा, कोट काळा, बूट काळे इथपर्यंत तपशील आहे. विद्यावेतनावर मात्र एक ओळ नाही.

आणि काम काय? कागदपत्रांच्या गठ्ठ्याला पानक्रमांक घालणे, अनुक्रमणिका जुळवणे, तारखांची यादी करणे, डेटा रूममधल्या (कंपनीची कागदपत्रे तपासणीसाठी ठेवतात त्या ऑनलाइन कपाटातल्या) शेकडो करारांतून ‘मालकी बदलल्यास संमती लागेल का’ एवढे एक कलम हुडकून तक्त्यात भरणे. कामाला आमची ना नाही, वकिली अशीच शिकतात. पण शिकवावे तर लागते ना? फौजदारी विभागात बसलेल्या इंटर्नला हमखास मिळणारे काम घ्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे जुन्या मसुद्यांतली कलमे बदलायची. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ज्याखाली गुन्हा रद्द करायला मागतात. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ मध्ये होता. अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. नवखा मुलगा काय करतो? संगणकाला सांगतो, ४३८ चे ४८२ कर, मग ४८२ चे ५२८ कर. झाले, अटकपूर्व जामिनाचे सगळे उल्लेखही ५२८ झाले. क्रम उलटा हवा. शिवाय जुन्या निवाड्यांतून घेतलेल्या उताऱ्यांना हात लावायचा नाही, आणि गुन्हा १ जुलैच्या आधीचा असेल तर दंड संहितेची जुनी कलमे तशीच ठेवायची.

हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे कोणाकडे नसतात, कारण मोठ्या फर्ममध्ये असोसिएटचा, म्हणजे फर्ममधल्या पगारी वकिलाचा, दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत टाइमशीटवर मांडला जातो. अशिलाच्या कामाचा तुकडा बिलात लागतो, इंटर्नला शिकवलेला लागत नाही. म्हणून चूक सापडली की असोसिएट स्वतःच दुरुस्त करून टाकतो आणि इंटर्नला पुन्हा पानक्रमांकांवर बसवतो. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळते: प्रामाणिक, मेहनती, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. कोणत्या प्रकारचे काम केले, कोणाच्या देखरेखीखाली, किती तास, याचा पत्ता नाही. विचारले तर गोपनीयता! अशिलाचे नाव न घेता ‘दोन संशोधन टिपणे, एक नोटीस, एक वकीलपत्र’ असे लिहिल्याने कोणाचे गुपित फुटते?

ढोबळ हिशोब करा. एका फर्ममध्ये १० इंटर्न, रोज ९ तास, आठवड्याचे ५ दिवस, ४ आठवडे: १,८०० तास. बहुतेक ठिकाणी फुकट, नाहीतर प्रवासखर्चापुरते. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर सीएकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाला किमान विद्यावेतन नियमानेच मिळते. १९६१ साली संसदेने शिकाऊ उमेदवार कायदा केला, त्यात विद्यावेतनाची तरतूद केली. त्याच वर्षी अधिवक्ता कायदाही केला. कारखान्यातल्या शिकाऊ फिटरची काळजी वाहिली, शिकाऊ वकिलाची नाही. घटनेच्या अनुच्छेद २३ मध्ये बेगारीला बंदी आहे, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे हीही सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या प्रकरणात सांगितले. विद्यार्थी हा कामगार नाही, असा युक्तिवाद तुमचे वकील करतील. करू द्या. तो युक्तिवाद टाइप करायलाही इंटर्नच बसलेला असेल.

२०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, तेव्हा दरमहा ५,००० रुपये. तिच्या तेव्हाच्या अटींत पूर्णवेळ शिकणारा बसत नव्हता, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पदवीधरही बसत नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिलने कनिष्ठ वकिलांना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे परिपत्रक काढले. ‘द्यावेत’. न दिल्यास काय, तर काही नाही. आणि इंटर्न तर त्यातही नाही. वकिलीच्या सनदेसाठी कायद्यात ७५० रुपये लिहिलेले असताना राज्य बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या, ते थांबवायलासुद्धा जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. कायदा शिकवणाऱ्या, कायदा राखणाऱ्या मंडळींची ही कायद्याशी वागणूक! परदेशी लॉ फर्म येणार म्हटल्यावर २०२३ मध्ये नियम जाहीर झाले. इथल्या फर्मने इथल्या विद्यार्थ्याशी कसे वागावे, याला २००८ पासून कोणाला सवड नाही.

बार कौन्सिल स्वायत्त आहे, आम्ही काय करणार, असे उत्तर येईल. अधिवक्ता कायद्याच्या कलम ४९अ मध्ये केंद्र सरकारला नियम करण्याचा अधिकार आहे, तो वापरा. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढलात आणि वकील रस्त्यावर उतरताच दहा दिवसांत मागे घेतलात. पुन्हा काढाल तेव्हा एवढे त्यात घाला: ठरावीक संख्येहून जास्त वकील असलेल्या फर्मने दरवर्षी ठरावीक इंटर्न घ्यावेत आणि विद्यावेतन द्यावे, जाहीर केलेल्या जागांपैकी काही जिल्ह्यांच्या महाविद्यालयांसाठी राखाव्यात, प्रमाणपत्राचा नमुना एकच असावा. न्यायालय चालू असताना केलेल्या चार आठवड्यांची हजेरी महाविद्यालयाने धरावी, हे तर एका परिपत्रकाचे काम आहे, त्याला संसद लागत नाही.

‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून हे पत्र बार कौन्सिलकडे पाठवू नका. तिथून ते विद्यापीठाकडे जाईल, विद्यापीठातून प्राचार्यांकडे, आणि प्राचार्य आम्हाला विचारतील की डायरी कुठे आहे.

आपले,
विधी शाखेचे काही विद्यार्थी