शेवटचा हात कुणाचा, हे विचारणाऱ्या समीक्षकांस

सप्रेम नमस्कार,

माझ्या लिनक्स डिस्प्ले ड्रायव्हरमधला, सोडून दिलेल्या मेमरीला पुन्हा हात लागण्याचा घोळ तुम्ही उलगडून दाखवलात. त्याचे आभार खासगी पत्रातही मानता आले असते, पण हाच घोळ इतर डिस्प्ले ड्रायव्हरांतही आहे, म्हणून जाहीर लिहितोय.

ड्रायव्हर अनबाइंड केला, म्हणजे डिव्हाइसपासून सोडवला, आणि मागाहून कुणी उघडी राहिलेली डीआरएमची (कर्नलच्या ग्राफिक्स यंत्रणेची) फाइल बंद केली, की कर्नल कोसळायचा. त्यावर आधी मिळालेले सल्ले आठवले तरी डोकं फिरतं. "नल चेक टाका." अहो, सोडून दिलेल्या मेमरीकडे बोट दाखवणारा पॉइंटर नल नसतो, हीच तर गोम आहे! "थोडा एमस्लीप घाला, म्हणजे कोड क्षणभर थांबवा." "चालू मशिनवर अनबाइंड करतंच कोण?" यूएसबी डिस्प्लेची वायर उपसणारा प्रत्येक जण.

तुम्ही केसॅनच्या (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाच्या) अहवालातले तिन्ही स्टॅक, म्हणजे मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली, नंतर कुठे हात लागला, काळाच्या क्रमाने एकाखाली एक लावलेत आणि तळाशी एवढंच विचारलंत: "हा कनेक्टर शेवटी कोण वापरतं?" कनेक्टर, म्हणजे डिस्प्लेची जोडणी दाखवणारं स्ट्रक्चर, डेव्हएम_केझेडअलॉकने घेतलेला, म्हणजे आयुष्य अनबाइंड होईपर्यंतच. डीआरएम डिव्हाइस मात्र रेफरन्स काउंटवर (किती जण वापरताहेत त्या मोजणीवर) जगतं, शेवटची फाइल बंद होईपर्यंत. आणि जाता जाता मोड-कॉन्फिगची (डिस्प्लेच्या मांडणीची) साफसफाई कनेक्टरांची यादी चाळते! पॅच लिहिणाऱ्याला खजील न करता उत्तरापाशी आणून सोडायचं, हे सौजन्य दुर्मीळ आहे हो.

युजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममधून, जिथवर पोचता येतं ती स्ट्रक्चर्स डीआरएमएम_ कडे गेली, म्हणजे आता ती डीआरएम डिव्हाइसबरोबरच सुटतात. रजिस्टरांचं मॅपिंग, इंटरप्ट, क्लॉक डेव्हएम_ कडेच राहू द्या, हे तुम्ही बजावलंत ते बरं झालं, नाहीतर उत्साहाच्या भरात सगळंच हलवलं जातं. रजिस्टरला शिवणारी प्रत्येक वाट आता, डिव्हाइस अजून आहे का ते पाहणाऱ्या डीआरएम_डेव्ह_एंटर आणि एक्झिटच्या मध्ये आहे. ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या रिमूव्हमधलं डीआरएम_डेव्ह_अनप्लग आत शिरलेले सगळे बाहेर येईपर्यंत थांबतं, तेव्हा एंटरच्या आत फेन्सची, म्हणजे काम संपल्याच्या इशाऱ्याची, बेमुदत वाट पाहिली तर अनप्लगच अडकून पडतं. आणखी एक खोच: अनप्लग झाल्यावर एंटर नकारच देतं, त्यामुळे साध्या मॉड्यूल उतरवण्यात हार्डवेअर बंद करणारा कोडही त्या दारात अडतो.

फेन्सचं दुखणं अजून उरलंय. दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती गेलेला फेन्स आमच्या मॉड्यूलमधल्या ऑप्सकडेच (त्याच्या फंक्शनांच्या यादीकडेच) बोट दाखवतो, आणि मॉड्यूल उतरवलं की तो कोडच जागेवर नसतो. त्याचा पॅच पाठवतोय. सवडीने नजर टाका.

आपला,
एक ड्रायव्हर सांभाळणारा