‘पिण्यास योग्य’ पाण्यातले परजीवी

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यात डोंगरउतारावरच्या अनेक वाड्यांना आजही पऱ्याचे (डोंगरातून वाहणाऱ्या छोट्या ओढ्याचे) किंवा झऱ्याचे पाणी सायफनने येते. त्याची तपासणी होत नाही, असे नाही. जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, ओटी टेस्टने क्लोरीन पाहतो, हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीतले पाणी जिवाणूंमुळे काळे पडते का हे तपासले जाते आणि नमुना प्रयोगशाळेतही जातो. मात्र यातून कळते ते जिवाणूंविषयी. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या परजीवींचा शोध यांपैकी एकाही चाचणीत लागत नाही आणि तरीही अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शेरा पडतो, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

ई-कोलाय हा विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू क्लोरीनने लवकर मरतो. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र जाड कवचात असल्यामुळे नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनला दाद देत नाही. त्यामुळे क्लोरीन घातलेल्या पाण्यात ई-कोलाय नाही, एवढ्यावरून परजीवीही नाहीत असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात 1993 मध्ये शुद्धीकरण केंद्रातून आलेले, क्लोरीनयुक्त पाणी पिऊन सुमारे चार लाख लोक आजारी पडले, ते याच परजीवीमुळे. आपल्याकडे तर गुरे पऱ्याच्या वरच्या अंगाला चरतात, लहान वासरांच्या शेणातून हे परजीवी प्रचंड संख्येने बाहेर पडतात आणि पहिल्या जोरदार पावसात ते सारे खाली वाहून येते. फडक्याने पाणी गाळण्याची सवय नारूच्या निर्मूलनात मोलाची ठरली, कारण तिथे अडवायचा, नारूच्या जंताची अळी पोटात बाळगणारा सायक्लोप्स हा जलजीव डोळ्यांना दिसण्याइतका मोठा होता. चार ते सहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) क्रिप्टोस्पोरिडियम फडक्यातून सहज निसटतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500 : 2012) दहा लिटर पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम आढळता कामा नये, अशी अट आहे. जिवाणूंसाठी शंभर मिलिलिटर पाणी पुरते. इथे मात्र दहा-दहा लिटर पाणी बारीक गाळणीतून काढून, चुंबकीय कणांनी परजीवी वेगळे करून, चमकणाऱ्या रंगद्रव्याने सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. ही चाचणी महागडी आहे आणि प्रत्येक वाडीसाठी ती दरमहा करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण विभागात किमान एका प्रयोगशाळेत ती सोय करून, पऱ्यांवर अवलंबून असलेल्या निवडक योजनांचे नमुने जून-जुलैत, पाणी गढूळ असताना घेणे अशक्य नाही. नमुने उन्हाळ्यात, नितळ पाण्याचे घेऊन हाती फारसे काही लागणार नाही.

तोवर कमी खर्चाचा एक मार्ग आहे. क्षयरोगाच्या थुंकी तपासणीत वापरतात त्याच रंजनपद्धतीत (नमुना रंगवण्याच्या पद्धतीत) थोडा बदल केला, की शौचाच्या नमुन्यात क्रिप्टोस्पोरिडियम दिसतो. पावसाळ्यात जुलाब आठवड्याहून अधिक लांबलेल्या मुलांचे नमुने ग्रामीण रुग्णालयांतून असे तपासले, तर कोणत्या वाडीच्या पऱ्याचे पाणी आधी तपासायचे हे ठरवता येईल.

आणि प्रशासनाने निदान एवढे तरी तातडीने करावे : अहवालावर ‘पिण्यास योग्य’ याऐवजी ‘जिवाणू तपासणीपुरते योग्य, परजीवी तपासलेले नाहीत’ असे छापावे आणि पऱ्याचे पाणी पिणाऱ्या वाड्यांना पावसाळाभर ते खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवूनच पिण्याची लेखी सूचना द्यावी.

– एक वाचक, ता. संगमेश्वर